वर्डकँप : भरतो कसा आणि कोणासाठी

संगणकाशी माझी ओळख डीटीपीमुळे झाली. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, विद्यार्थ्यांचे प्रबंध असे काय काय मी वीस वर्षे टंकत आणि मांडत आले. संगणकशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जे येते ते पुस्तके चाळून, लोकांना विचारून आणि चुकतमाकत शिकलेले. त्यामुळेच असेल, पण माणसे एकमेकांना शिकवण्यासाठी एकत्र कशी येतात, याचे मला पहिल्यापासून कुतूहल वाटत आले आहे. व्याख्यानमालांच्या पत्रिका, ग्रंथालयांच्या अधिवेशनांचे अहवाल, लहानमोठ्या संमेलनांच्या स्मरणिका मी जमवते. गेल्या काही वर्षांत या संग्रहात एका नव्या प्रकाराची भर पडली. गळ्यात अडकवायची ओळखपत्रे, वेळापत्रकांचे कागद, आणि एक चिठ्ठी. त्या चिठ्ठीकडे मी शेवटी येणार आहे. आधी हा प्रकार काय आहे ते सांगायला हवे.

या मेळाव्याला म्हणतात वर्डकँप. वर्डप्रेस हे संकेतस्थळे आणि ब्लॉग चालवण्याचे सॉफ्टवेअर. ते वापरणाऱ्यांनी, घडवणाऱ्यांनी आणि त्यावर पोट असणाऱ्यांनी आपल्या गावात स्वतःच भरवलेले एक-दोन दिवसांचे संमेलन म्हणजे वर्डकँप. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर या आपल्याकडच्या शहरांत तो भरून गेला आहे. तरीही मराठीत त्याविषयी फारसे लिहिले गेलेले माझ्या पाहण्यात नाही. आमच्याकडच्या एका मध्यम शहरात असा मेळावा भरवणाऱ्या चमूत मी होते. त्या अनुभवाच्या आणि वाचनाच्या आधारे हे टिपण.

मुळाशी काय आहे

२००१ च्या सुमारास मिशेल वाल्द्रिगी या तरुणाने बी-टू नावाचे ब्लॉग लिहिण्याचे सॉफ्टवेअर तयार केले. पुढे त्याचे त्याकडे लक्ष राहिले नाही. एखादे दुकान बंद व्हावे तसे ते बंद पडले असते. पण बी-टू जीपीएल या परवान्याखाली होते. या परवान्याचे सार साधे आहे : सॉफ्टवेअर कोणीही वापरावे, आतून कसे आहे ते पाहावे, बदलावे, इतरांना द्यावे, मात्र बदललेली प्रत पुढे देताना तेच हक्क पुढच्यालाही द्यावेत. त्यामुळे मालक निघून गेला तरी माल लोकांकडे राहिला. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा मॅट मुलेनवेग याने आपल्या ब्लॉगवर लिहिले की बी-टू थांबले आहे, आपण ते पुढे न्यावे असे वाटते. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. इंग्लंडमधल्या माइक लिटल याने तिथेच कळवले की मी सोबत आहे. २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती बाहेर आली. आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांमागे हे सॉफ्टवेअर आहे, असे मोजणी करणाऱ्या संस्था सांगतात.

संमेलन का लागते, याचे उत्तर या जन्मकथेतच आहे. दोन खंडांतल्या दोन माणसांनी सुरू केलेले आणि पुढे शेकडोंनी हात लावलेले हे काम. त्याला एक कचेरी नाही, एक कारखाना नाही. ज्यांच्या भरवशावर आपण आपले दुकान उभे करतो त्यांचे तोंडही पाहिलेले नसते. कधीतरी समोरासमोर बसावेसे वाटणे साहजिक होते.

कँप हा शब्द कुठून आला

कँप म्हणजे इथे तंबू नव्हेत. तंत्रज्ञानाची पुस्तके काढणाऱ्या ओरायली या प्रकाशनसंस्थेने २००३ पासून एक मेळावा भरवायला सुरुवात केली, फू कँप. तिथे फक्त बोलावलेल्यांनाच प्रवेश असे. त्याला उत्तर म्हणून ऑगस्ट २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे काही उत्साही मंडळींनी बारकँप भरवला. प्रोग्रॅम लिहिणारे लोक नमुन्यादाखल नाव द्यायचे झाले की फू आणि बार ही नावे वापरतात, आपण अमुक-तमुक म्हणतो तसे. त्यावरचा हा विनोद. बारकँपला निमंत्रण नव्हते. जो येईल त्याने यावे, फळ्यावर आपला विषय लिहावा आणि बोलावे.

पुढच्याच वर्षी, ५ ऑगस्ट २००६ रोजी, मुलेनवेगने सॅन फ्रान्सिस्कोतल्या स्वीडिश अमेरिकन हॉलमध्ये वर्डप्रेसवाल्यांचा मेळावा घेतला आणि बारकँपच्या धर्तीवर त्याला वर्डकँप म्हटले. एका दिवसाच्या त्या कार्यक्रमाला पाचशेहून अधिक लोक आले. सॅन फ्रान्सिस्कोबाहेरचा पहिला वर्डकँप सप्टेंबर २००७ मध्ये थेट बीजिंगला भरला. भारतात तो २००९ मध्ये दिल्लीला आला. युरोप खंडाचा मिळून एक मोठा मेळावा २०१३ पासून सुरू झाला, त्याची सुरुवात नेदरलँड्समधल्या लायडनला झाली. आशियाचा पहिला फेब्रुवारी २०२० मध्ये बँकॉकला ठरला होता. तो करोनामुळे ऐनवेळी रद्द करावा लागला आणि २०२३ मध्ये तिथेच झाला. नंतर तैपेई, मग मनिला. आणि एप्रिल २०२६ साठी मुंबईचे नाव जाहीर झाले.

मात्र या मोठ्या जत्रांपेक्षा मला रस आहे तो गावोगावच्या लहान मेळाव्यांत. कारण ते नियमांवर उभे असतात, आणि एकेका नियमामागे एकेक जुना प्रश्न दडलेला असतो.

नियम आणि त्यांची कारणे

वर्डकँप कोणालाही उठून भरवता येत नाही. आधी गावात या विषयाचा गट नियमित भेटत असला पाहिजे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी कार्यालयात किंवा क्लासच्या खोलीत पंधरा-वीस जण जमतात, एक जण काहीतरी सांगतो, चहा होतो. असे काही काळ चालले की मध्यवर्ती चमूकडे अर्ज करायचा. ते संयोजकांशी बोलतात, अंदाजपत्रक तपासतात आणि मग परवानगी देतात. सुरुवातीला मला ही लालफीत वाटली होती. नंतर कळले की ही अट मंडप घालण्याआधी जमीन पाहण्यासारखी आहे. ज्या गावात वर्षभर पंधरा माणसे जमत नाहीत, तिथे एका दिवसासाठी दोनशे जमवली तर ती दुसऱ्या दिवशी पांगतात.

दुसरा नियम : संयोजक आणि वक्ते यांना मानधन नाही. तिसरा : तिकीट इतके कमी ठेवायचे की पैशावाचून कोणाचे यायचे राहू नये. उरलेला खर्च प्रायोजकांकडून उभा करायचा. चौथा नियम या तिसऱ्यातूनच निघतो. प्रायोजकाला टेबल मिळते, फलकावर नाव मिळते, आभार मिळतात. पण पैसे दिले म्हणून व्यासपीठ मिळत नाही. पाचवा : एकाच माणसाने वर्षानुवर्षे मुख्य संयोजक राहू नये, साधारण दोन वर्षांनी दुसऱ्याला पुढे करावे. आणि सहावा : हिशोब उघडा असावा.

आपल्याकडच्या सार्वजनिक कामांचा ज्यांना अनुभव आहे त्यांना हे नियम वाचून हसू येईल आणि थोडे वाईटही वाटेल. वर्गणी, व्यासपीठावरची खुर्ची, तहहयात अध्यक्ष आणि न छापलेला जमाखर्च, या चार गोष्टींनी किती मंडळे खाल्ली ते आपण पाहिले आहे.

एक नियम मात्र मला फार गमतीचा वाटतो. वर्डप्रेस हे नाव रोमन लिपीत लिहिताना मधले पी हे अक्षर मोठेच काढायचे, असा या मंडळींचा कटाक्ष आहे. इतका, की कोणी लहान काढले तर ते सॉफ्टवेअर स्वतःहून दुरुस्त करते. देवनागरीत लहान-मोठी अक्षरेच नाहीत. हा नियम आपल्याला मोडायचा म्हटले तरी मोडता येत नाही.

आमचा मेळावा

आमच्या चमूत नऊ जण होते. दोन महाविद्यालयीन विद्यार्थी, संकेतस्थळे करून देणारे चार जण, एक छायाचित्रकार, एक बँकेतून निवृत्त झालेले काका आणि मी. कामाची वाटणी अशी : सभागृह, वक्ते, प्रायोजक, जेवण, नोंदणी, प्रसिद्धी, चित्रीकरण, स्वयंसेवक. हिशोब काकांकडे, नोंदणी आणि सभागृहातली प्रश्नोत्तरे माझ्याकडे.

पहिला फटका सभागृहाचा. एका शिक्षणसंस्थेने तोंडी होकार दिला होता. तीन आठवडे राहिले असताना परीक्षेचे कारण सांगून नकार कळवला. आमच्याकडे लेखी काही नव्हते. चूक आमचीच. दुसरी जागा मिळाली ती लहान होती आणि तिचे भाडे जास्त होते.

दुसरा फटका त्याहून जिव्हारी लागला. एक व्यावसायिक मोठी रक्कम द्यायला तयार होते. अट एकच, दुपारच्या सत्रात अर्धा तास त्यांनी बोलायचे. काय बोलणार, तर त्यांच्या सेवेविषयी. आम्ही रात्री साडेदहाला काकांच्या घरी बसलो. विद्यार्थ्यांचे म्हणणे, अर्ध्या तासाने काय बिघडते? पैसे नाही घेतले तर तिकीट वाढवावे लागेल, आणि मग आमच्याच वर्गातली मुले येणार नाहीत. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. काका म्हणाले, ‘‘आज अर्धा तास विकला तर पुढच्या वर्षी भाव ठरलेला असेल.’’ शेवटी आम्ही ती रक्कम नाकारली आणि तिकीटही वाढवले नाही. टी-शर्ट रद्द केले, छापील पिशव्या रद्द केल्या, जेवणातला गोड पदार्थ गेला. ओळखपत्रे मी घरच्या प्रिंटरवर छापली. टी-शर्ट नाही म्हणून तक्रार करणारे दोन-चार निघाले. बोलायला मिळाले नाही, अशी तक्रार मात्र एकाही श्रोत्याने केली नाही. तेव्हा मला ते आपले यश वाटले. ते अर्धेच खरे होते.

ती चिठ्ठी

दिवसभरात आठ सत्रे झाली. त्यांपैकी सहा इंग्रजीत. कोणी मुद्दाम तसे ठरवले नव्हते. वक्ते बाहेरगावचे होते, पडद्यावरचा मजकूर इंग्रजी होता आणि या धंद्याची बोली तीच आहे. प्रश्नांसाठी आम्ही कागदाच्या चिठ्ठ्या वाटल्या होत्या. गर्दीत हात वर करायचा संकोच वाटणाऱ्यांची सोय व्हावी, ही कल्पना माझीच. चिठ्ठ्या माझ्याकडे येत, मी त्यातल्या निवडून वक्त्याला वाचून दाखवत असे.

रात्री खुर्च्या आवरताना मी न वाचलेल्या चिठ्ठ्या पिशवीत भरल्या. घरी येऊन पाहिले तर त्यातली एक मराठीत होती. अक्षर स्वच्छ, शिक्षकी. मजकूर असा : आमच्या शाळेच्या संकेतस्थळावर मी मराठीत लेख टाकते. लेखांचे पत्ते मध्येच तुटतात आणि दोन वेगळ्या लेखांचे पत्ते एकसारखे होतात. माझे काय चुकते?

ही चिठ्ठी माझ्या हातात दुपारीच आली होती, हे मला आठवले. वक्ता इंग्रजी बोलणारा, प्रश्न मराठीत. भाषांतर करण्यात वेळ जाईल म्हणून मी ती बोटाने मागे सरकवली होती. पत्रिका टंकून पोट भरलेल्या, मराठीच्या जोरावर जगलेल्या बाईने हे केले होते. लिहिणारीचे नाव चिठ्ठीवर नव्हते.

त्या प्रश्नाचे उत्तर मी पुढे शोधून काढले. ते इथे देते, कारण मराठीत लिहिणाऱ्या अनेकांना ते उपयोगी पडेल. तिचे काहीच चुकत नव्हते. लेखाला शीर्षक दिले की वर्डप्रेस त्यावरून पानाचा पत्ता तयार करते. हा पत्ता साठवायच्या रकान्यात २०० जागा आहेत. इंग्रजी अक्षराला एक जागा लागते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह मात्र युनिकोडच्या प्रचलित साठवणीत तीन बाइटचे असते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अक्षरे असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. इथे चिन्ह म्हणजे नुसते अक्षर नव्हे. काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण हीसुद्धा स्वतंत्र चिन्हे. ‘दिवाळी’ या तीन अक्षरी शब्दाच्या ५४ जागा होतात. दोनशे भागिले नऊ, म्हणजे जेमतेम बावीस चिन्हे. इंग्रजी शीर्षकाला दोनशे अक्षरे मिळतात, मराठीला बावीस चिन्हे.

आता उदाहरण घ्या : ‘गावच्या शाळेतील विद्यार्थ्यांचे विज्ञान प्रदर्शन’. पत्त्यात हे ‘गावच्या-शाळेतील-विद्यार्’ इथेच तुटते. ‘गावच्या शाळेतील विद्यार्थ्यांची सहल’ हा दुसरा लेखही तिथेच तुटतो. दोन्ही पत्ते एकच झाले म्हणून सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या शेवटी दोनचा आकडा लावते. तिसऱ्या लेखाला तीनचा. उपाय अगदी सोपा आहे. लेख प्रसिद्ध करण्याआधी पत्त्याच्या चौकटीत आपल्या हाताने छोटा शब्द लिहावा, ‘विज्ञान-प्रदर्शन’ किंवा ‘सहल’. नाहीतर मांडणीच्या सोयींत जाऊन पत्त्यात शीर्षकाऐवजी लेखाचा क्रमांक येईल असे ठरवावे.

दोन मिनिटांचे उत्तर. त्या सभागृहात हे ठाऊक असलेले दोघे तरी होते. ज्या कामासाठी एवढी माणसे एका छताखाली आणली, नेमके ते काम माझ्या हातून राहिले.

व्यासपीठ कोणाचे

संमेलनांच्या जुन्या अहवालांत हा प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. १८७८ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन झाले. १८८५ मध्ये दुसरे भरले तेव्हा निमंत्रण आलेल्या जोतीराव फुल्यांनी येणार नाही असे पत्राने कळवले. ज्या सभांत कष्टकऱ्यांच्या हक्काचा विचार होत नाही, त्यांत आमचे काय काम, हा त्या पत्रामागचा रोख. दार उघडे होते, निमंत्रणही होते; तरीही सभा आपली नव्हे, असे वाटण्याचे कारण होते. वर्डकँप आणि ग्रंथकार संमेलन यांची बरोबरी मला करायची नाही. तिकीट कमी केले आणि दार उघडे ठेवले म्हणजे संमेलन सर्वांचे झाले, हा समज मात्र तेव्हाही अपुरा होता आणि आजही आहे, एवढेच मला म्हणायचे आहे.

या जगाचे स्वतःचे मोठे भांडणही याच मुद्द्यावर आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या वर्डकँपच्या व्यासपीठावरूनच मुलेनवेगने डब्ल्यूपी इंजिन या कंपनीवर जाहीर टीका केली : वर्डप्रेसच्या जिवावर कमावता, परत देत नाही. मागाहून व्यापारचिन्हाचा वाद आला, ऑक्टोबरमध्ये कंपनी न्यायालयात गेली आणि डिसेंबरमध्ये न्यायालयाने तिला अंतरिम दिलासा दिला. त्यात कोणाची बाजू किती खरी, हे ठरवणारी मी कोण? पण त्या काळात सामान्य स्वयंसेवकांना एक गोष्ट लख्ख कळली. सॉफ्टवेअर सर्वांचे असले तरी नाव, ते ठेवण्याची जागा आणि मोठे व्यासपीठ मोजक्या हातांत असू शकते. परवाना प्रतीचे रक्षण करतो, सभेचे करत नाही. सभेचे रक्षण तिथे बसणाऱ्यांनाच करावे लागते.

पुढे काय केले

पुढच्या मासिक भेटीपासून आम्ही दोन बदल केले. पहिला, प्रश्न कुठल्या भाषेत आला ते पाहायचे नाही. आला त्या क्रमाने वाचायचा. वक्त्याला कळला नाही तर सभागृहातला कोणीतरी सांगतो, आणि बऱ्याचदा उत्तरही तोच देऊन टाकतो. दुसरा बदल भाषांतराचा. वर्डकँपच्या जोडीला एक सहभाग-दिवस असतो. त्या दिवशी भाषणे नसतात, लोक गट करून प्रत्यक्ष काम करतात. कोणी चुका शोधतो, कोणी माहितीची पाने लिहितो, कोणी आपल्या भाषेत भाषांतर करतो. भाषांतराला प्रोग्रॅम लिहिता येण्याची गरज नसते. पडद्यावर एक इंग्रजी ओळ येते, आपण मराठी सुचवायची, अनुभवी संपादक ती तपासून स्वीकारतो. माझ्यासारखीला हे काम सर्वांत जवळचे. एक दुपारभर आम्ही पाच जणी नुसत्या बटणांच्या नावांवर भांडलो. ‘प्रकाशित करा’ की ‘प्रसिद्ध करा’? डीटीपीच्या काळात अशाच वादांत मी प्रूफे तपासली होती.

ज्यांना आपल्या गावात असे काही सुरू करावेसे वाटते त्यांना माझे सांगणे थोडेच आहे. संमेलनापासून सुरुवात करू नका; दहा माणसांच्या मासिक भेटीपासून करा. जागेचा होकार लेखी घ्या. पैसे कमी पडले तर टी-शर्ट सोडा, व्यासपीठ विकू नका. निम्मी सत्रे तरी मराठीत ठेवा, आणि तशी ठेवायची तर बोलणारे सहा महिने आधीपासून तयार करा. ऐनवेळी मराठी वक्ता सापडत नाही, तो घडवावा लागतो. आणि चिठ्ठ्यांची पिशवी सभागृह सोडण्याआधी रिकामी करा.

ती शिक्षिका पुढच्या कोणत्याच भेटीला आली नाही. नोंदणीच्या यादीत शिक्षक म्हणून नोंदलेल्या चौघी होत्या. त्या चौघींनाही मी वरचे उत्तर लिहून पाठवले, चिठ्ठी तुमची नसेल तर क्षमा करा, असे म्हणून. तिघींची उत्तरे आली. चिठ्ठी आपली असल्याचे कोणीच म्हटले नाही; पण तिघींनीही लिहिले की पत्ता तुटण्याचा त्रास आम्हालाही होत होता, आम्हाला वाटले आमचेच काहीतरी चुकते आहे.